साध्या पिशव्यांचा हिवाळा

१९ डिसेंबर, गुरुवार

आज थिएटरमध्ये येलिका नावाची बाई होती. वय एकोणतीस, पहिलं बाळंतपण, मूल आडवं, म्हणून सिझेरियन. पाठीत भूल मी दिली. सुई पहिल्याच प्रयत्नात गेली, बधिरपणा हवा तिथपर्यंत चढला, रक्तदाब टिकला. माझ्या बाजूनं सगळं बिनचूक.

मूल बाहेर आल्यावर सहाव्या मिनिटाला तिला हुडहुडी भरली. आधी हनुवटी, मग खांदे, मग सगळं अंग, टेबल हलेपर्यंत. आमच्या मोजपट्टीवर शून्य ते चार असतं. ही चार होती.

मूल छातीशी आणलं तेव्हा ती म्हणाली, "नको, नको, पडेल माझ्या हातून." दात वाजत होते, शब्द तुटत होते. मूल परत नेलं. पुढची बावीस मिनिटं ती छताकडे बघत कापत राहिली. दोब्रिला सिस्टर भुलीच्या कामात मला मदत करतात, एकतीस वर्षं याच थिएटरमध्ये आहेत. त्यांनी तिच्यावर तीन पांघरुणं टाकली आणि तिची पावलं दोन्ही हातांत धरून चोळत बसल्या.

"घाबरलीय बिचारी. पहिलटकरणीला भीतीनंच होतं हे."

"भीतीचा काही संबंध नाही," मी म्हटलं.

"मग कशाचा?"

"नंतर सांगते."

तिला बाजूच्या खोलीत हलवलं तेव्हा खिडकीखाली नवऱ्याचे मित्र जमले होते. रिवाजाप्रमाणे त्यांनी त्याचा शर्ट फाडला. उणे पाच अंश, त्यात कोशावा हा बोचरा वारा सुटलेला. तो उघड्या अंगानं उभा राहून ओरडत होता, "येलिका! कुणासारखा आहे गं?" हिची जीभ वळत नव्हती. सिस्टरनी खिडकी बोटभर उघडली. "तुझ्यावर गेला नाही, देवाची कृपा! जा आता, अंगात काहीतरी घाल, नाहीतर तुलाही इथेच झोपवीन!" आणि खिडकी लगेच घट्ट लावली. झोत बाळंतिणीला लागू नये म्हणून.

हे टाळता येतं. यावरच काम करायचं ठरवलं.

३ जानेवारी, शुक्रवार

वुकादिन सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, अभ्यासाला परवानगी दिली. सलाइनच्या पिशव्या गरम ठेवायचं कपाट मोठ्या रुग्णालयाकडून उसनं मिळालं आहे. एप्रिलअखेरपर्यंत. उपयोग दिसला तर आपलंही घेऊ, नाही दिसला तर परत, असं सर म्हणाले.

दुपारी सगळ्या सिस्टरांना फळ्यावर समजावून सांगितलं. पाठीतल्या भुलीनं पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, पोटातली ऊब पायांकडे उतरते, आतलं तापमान घसरतं. त्यात आपण बावीस अंशांचं लिटरभर पाणी शिरेत सोडतो. शरीर कापून ऊब तयार करायला बघतं. मी आकृती काढली, आकडे लिहिले. दोब्रिला सिस्टर पहिल्या बाकावर होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे ते आपण करतो?"

"आपणही करतो. म्हणजे पाणी गार असतं, त्याचाही वाटा आहे. किती, तेच मोजायचंय."

माझ्या मते सगळ्यांना नीट समजलं.

९ जानेवारी, गुरुवार

सुरुवात झाली. ऐंशी बायका, ऐंशी बंद लिफाफे. चाळीस लिफाफ्यांत 'गरम', चाळीसांत 'साधी'. गरम पिशवी कपाटातली, अडतीस अंश. साधी पिशवी फळीवरची, आजवर सगळ्यांना मिळत आली तशी. लिफाफा दोब्रिला सिस्टर आपल्या खोलीत उघडतात, पिशवीला हिरवी गवसणी चढवतात आणि आणून लटकवतात. गवसणी त्यांनीच शिवली, आत कापूस घालून. गरम कोणती हे मला कळता कामा नये, कारण हुडहुडी मोजणारी मी. म्हणून पिशवीला आणि नळीला मी हात लावायचा नाही, हा नियम मीच लिहिला.

कपाटाचं दार किती वेळा उघडलं ते यंत्रात नोंदलं जातं. ते मी दर शुक्रवारी तपासणार आहे. अविश्वास म्हणून नाही. पद्धत म्हणून.

२१ जानेवारी, मंगळवार

नऊ झाल्या. कपाटाची नोंद आणि लिफाफे जुळतात.

पायी आले, हातमोजे भिजले होते. सिस्टरांच्या खोलीतल्या गरम रेडिएटरवर वाळत घालायला गेले तर दोब्रिला सिस्टर आडव्या आल्या. रेडिएटरवर घडी घातलेला टॉवेल होता आणि खाली काहीतरी फुगीर.

"पीठ फुगायला ठेवलंय. उचलू नकोस, बसेल ते."

"रुग्णालयात?"

"घरी माझ्या चुलीला काय झालंय ते विचारू नकोस, पोरी."

मी विचारलं नाही. हातमोजे खिशातच वाळले. गुरुवारी त्यांनी खरंच घरची पोगाचा, म्हणजे गोल जाड पाव, आणली. चांगली होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कॉफी घेताना दोब्रिला सिस्टर म्हणाल्या, "एक विचारू? साधी पिशवी मिळणार असेल तर त्या बाईला तू सांगतेस का?"

"सगळ्यांना सांगते की दोन्हींपैकी एक मिळेल. त्या सही करतात."

"सही तर करतीलच. नऊ महिने भरलेली बाई कशावरही सही करते."

"साधी म्हणजे काही वाईट नाही, सिस्टर. आजवर सगळ्यांना तीच दिली."

"आजवर माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

त्यांचा मुद्दा भावनेचा आहे. उत्तर द्यायची गरज नव्हती, पण दिलं असतं तर बरं झालं असतं, असं आत्ता लिहिताना वाटतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अडतीस झाल्या. बायका एकूणच कमी कापताहेत. मागच्या वर्षीच्या भुलीच्या कागदांत अर्ध्याहून जास्त जणींपुढे 'हुडहुडी' लिहिलं आहे, इथे पाचात एक. कारण मागच्या नोंदी ढिसाळ असाव्यात. बऱ्याचशा दोब्रिला सिस्टरांच्या हातच्या आहेत. जरा कुणी थरथरलं की त्या लिहून टाकत असतील.

८ एप्रिल, मंगळवार

सरांनी बोलावलं. संचालकांना कपाटाबद्दल या आठवड्यातच उत्तर हवं आहे.

"अजून चौदा बाकी आहेत, सर."

"कालिना, कादंबरी नको. आकडा सांग."

लिफाफ्यांची यादी उघडली. गरम तेहतीस, त्यांत कापल्या सात. साधी तेहतीस, त्यांत कापल्या आठ.

सर हसले. "सात आणि आठ. यासाठी ते धूड तीन महिने माझ्या बोळात उभं होतं! मी येताजाता आपटायचो त्याच्यावर."

मी म्हटलं, आत्ता निष्कर्ष काढणं घाईचं होईल. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. पत्र गेलं, तीस तारखेला कपाट परत.

खाली येऊन दोब्रिला सिस्टरांना सांगितलं की गरम पिशवीचा उपयोग दिसत नाही.

"असं कसं होईल?"

"आकडे असं म्हणतात."

"आकडे चुकले असतील."

"माझे आकडे चुकत नाहीत, सिस्टर."

त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात वरून हाक आली आणि त्या गेल्या. संध्याकाळी जाताना त्या माझ्या दाराशी क्षणभर थांबल्या होत्या. मी लिहीत होते.

१६ एप्रिल, बुधवार

कालपासून शहराचं हीटिंग बंद झालं, सगळे रेडिएटर गार. बाहेर सात अंश, पण पंधरा तारीख म्हणजे पंधरा तारीख. थिएटरची हवा वेगळ्या यंत्रावर असल्यामुळे तिथे फरक नाही: बावीस, बावीस, बावीस. राहण्याच्या खोलीत मी स्वेटर घालून लिहिते आहे.

आजची एकाहत्तरावी. मोजपट्टीवर चार.

२४ एप्रिल, गुरुवार

ईस्टरनंतर तीन दिवसांत उरलेल्या सगळ्या उरकल्या. ऐंशी पूर्ण.

पंधरा तारखेपर्यंत सत्तर: गरम पस्तिसांत आठ, साधी पस्तिसांत आठ. त्यानंतरच्या दहा: गरम पाचांत एक. साधी पाचांत चार.

दहा म्हणजे काहीच नाही. योगायोग असू शकतो. पण थिएटर तेच, मी तीच, औषध तेच. पंधरा एप्रिलला या इमारतीत एकच गोष्ट बदलली.

झोपायच्या आधी मला ते पीठ आठवलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सात वाजता सिस्टरांच्या खोलीत गेले. टेबलावर ईस्टरची उरलेली लाल अंडी होती. दोब्रिला सिस्टर गार रेडिएटरला टेकून, पोटावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. लोकरी जाकिटाखालून सलाइनच्या पिशवीचं तोंड बाहेर आलं होतं. सवयीनं, बहुतेक. अभ्यास कालच संपला होता.

"हे कधीपासून?"

त्यांनी लपवायचा प्रयत्न केला नाही. "पहिल्या दिवसापासून. रेडिएटर होता तोवर बरं होतं. आता अंगाची ऊब लावते, पण म्हातारीच्या अंगात ती असणार किती?"

"सगळ्या साध्या पिशव्या?"

"एकही गार लटकवली नाही."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"तू विचारायचीस लिफाफा उघडला का, किती वाजता, सही केली का. सगळ्याचं खरं उत्तर दिलं मी." मग म्हणाल्या, "पीठ सोडून. पण त्याची पोगाचा खाऊ घातली ना तुला?"

मी हसले नाही. "सिस्टर, चार महिने वाया गेले. कपाट जातंय. तुम्ही दोन्ही बाजू सारख्या केल्यात म्हणून फरक दिसला नाही."

हे त्यांना तेव्हाच कळलं. त्यांनी जाकिटातली पिशवी बाहेर काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"मला वाटलं, सगळ्यांना बरं वाटलं तर तुझ्याच कामाचं नाव होईल."

"तसं नसतं ते."

"तूच सांगितलंस ना फळ्यावर? एकतीस वर्षं मला वाटायचं, भीतीनं कापतात. पाय चोळायचे, देवाचं नाव घ्यायचं. तू सांगितलंस, आपण गार पाणी सोडतो म्हणून. हे कळल्यावर बाळंतिणीच्या अंगात ते कसं सोडू? तू सोडलं असतंस?"

"हो," मी म्हटलं. "त्याशिवाय सिद्ध कसं होणार?"

"मग तू माझ्यापेक्षा कडक आहेस," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. नुसतं सांगितलं.

२९ एप्रिल, मंगळवार

सरांना अहवाल दिला. मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. 'पिशव्यांच्या तापमानात त्रुटी आढळली' एवढं लिहून पुन्हा अभ्यास मागता आला असता. मी काय घडलं ते तारखा आणि नावासकट लिहिलं. अहवाल तसाच असायला हवा. रागाचा प्रश्नच नव्हता.

सरांनी तो सकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचला. "दोब्रिला, तुझ्यासाठी रेडिएटरवर प्राध्यापकाची खुर्ची टाकायला सांगू का?" काही जण हसले. दोब्रिला सिस्टर उभ्या होत्या, हात एप्रनच्या खिशात. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं.

कपाट ठेवा, अशी विनंती मी बैठकीनंतर केली. सर म्हणाले, "आधी म्हणालीस उपयोग नाही. आता म्हणतेस अभ्यासच खोटा. यातल्या कोणत्या वाक्यावर मी कपाट ठेवू?"

३० एप्रिल, बुधवार

कपाट गेलं.

९ मे, शुक्रवार

चौकशी समितीचा कागद आला. सिस्टर दोब्रिला पाउनोविच यांच्या कृतीमुळे रुग्णांना धोका निर्माण झाला का? उत्तरासाठी चार ओळी.

दोन उत्तरं मनात होती. एक: पिशव्यांचं तापमान मोजलेलं नसल्यामुळे धोका नव्हता असं म्हणता येत नाही. दुसरं: ऐंशीपैकी एकाही स्त्रीला वा बाळाला अपाय झालेला नाही. दोन्ही खरी. चार ओळींत दोन्ही मावली असती.

मी पहिलं लिहिलं. प्रश्न धोक्याचा होता, अपायाचा नव्हता.

१६ मे, शुक्रवार

निर्णय झाला. दोब्रिला सिस्टरांना थिएटरमधून काढून तळघरात, उपकरणं वाफेवर निर्जंतुक करण्याच्या विभागात पाठवलं. निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत, ते तिथेच. रुग्णाला हात लावायचा नाही. आदेशात माझं वाक्य शब्दशः घेतलं आहे, खाली माझं नाव आहे. वाक्यात चूक नाही. मी चार वेळा वाचलं.

त्यांच्या जागी एक चटपटीत नवा मुलगा आला आहे. आजच्या बाईला हुडहुडी भरली तेव्हा त्यानं विचारलं, "हे कुठल्या रकान्यात लिहू?" मी रकाना दाखवला. मग तिची पावलं धरायला गेले. पावलं चोळायची कशी हे मला माहीत नाही, असं तेव्हा लक्षात आलं. खालून वर की वरून खाली. तिला बधिरपणामुळे काही कळतही नव्हतं. दोब्रिला सिस्टरना हे ठाऊक असणार. तरी त्या का चोळायच्या, ते मी कधी विचारलं नाही.

३ जून, मंगळवार

झोप लागेना म्हणून पहाटेच रुग्णालयात गेले आणि मागच्या वर्षीचे भुलीचे कागद काढून एकेक मोजले. नऊ जानेवारी ते पंधरा एप्रिल, तेच थिएटर, तीच भूल, पिशव्या फळीवरच्या. चौसष्ट बायका. कापल्या पस्तीस.

यंदा त्याच दिवसांत सत्तर. कापल्या सोळा.

नोंदी ढिसाळ नाहीत. एकेका बाईपुढे मिनिटं लिहिली आहेत, कुठे कुठे 'मूल घेतलं नाही' असंही. अक्षर दोब्रिला सिस्टरांचं. फेब्रुवारीत मी हे नीट न वाचताच निकाल दिला होता.

ऊब सगळ्यांना मिळाली म्हणून माझ्या दोन रांगांत फरक दिसला नाही. मागच्या वर्षाशी ताडून बघितलं तर तो समोरच होता. दोन हिवाळ्यांची तुलना पक्का पुरावा ठरत नाही, सर तेच म्हणतील. पण कपाट पुन्हा मागायला पुरेशी आहे. आठ एप्रिलला हे कागद माझ्याकडे होते. पंचवीसलाही होते. नऊ मेलासुद्धा.

आज समितीला दुसरं वाक्य पाठवलं.

१० जून, मंगळवार

समितीचं उत्तर: प्रकरण बंद झालं आहे, नवीन निवेदन विचारात घेता येत नाही.

१२ जून, गुरुवार

तळघरात गेले. तिथे पस्तीस अंश तरी असतील. दोब्रिला सिस्टर बिनबाह्यांच्या झग्यात कात्र्या मोजत होत्या. चेहरा लालबुंद झाला होता.

"बोला डॉक्टर," त्या म्हणाल्या. पोरी नाही म्हणाल्या.

मी दोन्ही हिवाळ्यांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी हात पुसून कागद घेतला आणि लांब धरून वाचला. पस्तीस. सोळा. बोट त्या सोळावर थांबलं.

"या सोळा कुठून राहिल्या?"

"सगळ्यांची थांबत नाही. कारणं इतरही असतात."

"हं."

"कपाटासाठी पुन्हा अर्ज करतेय. पिशव्या कशा गरम झाल्या ते त्यात लिहावं लागेल. तुमचं नाव घालू का, की नुसतं 'कर्मचारी' लिहू?"

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "आधी घातलंस तेव्हा विचारलं होतंस?"

"नाही."

"मग आता घाल. आडनावासकट घाल. तिथे घालता आलं ना, इथेही येईल."

मी हो म्हटलं. मग समितीबद्दल सांगितलं. दुसरं वाक्य काय होतं, ते कधी पाठवलं, काय उत्तर आलं.

"म्हणजे कपाट कदाचित येईल," त्या म्हणाल्या. "आणि मी?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. कात्र्या पुन्हा मोजायला घेतल्या, आकडा चुकला, पहिल्यापासून सुरू केलं. मी उभीच होते.

"सिस्टर, मला वाईट वाटतं."

"वाटलंच पाहिजे." त्यांनी वर बघितलं नाही. "काही दिवस इकडे येऊ नकोस. राग आहे मला. जाईल तो, माझा राग टिकत नाही, घरी सगळे हसतात त्यावरून. पण आज आहे."

"बरं."

"आणि ते दार लावून जा. झोत येतोय."

दार लावलं. वर आले. अकरा वाजताच्या बाईला नवव्या मिनिटाला सुरू झालं, सतरा मिनिटं चाललं, मोजपट्टीवर तीन. अर्ज दुपारी पूर्ण केला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं: ९ जानेवारी ते १५ एप्रिल या काळातल्या सर्व साध्या पिशव्या सिस्टर दोब्रिला पाउनोविच यांनी रेडिएटरवर गरम केल्या, या काळात एकाही स्त्रीला वा बाळाला अपाय झाला नाही. खाली सही केली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी सरांच्या टेबलावर ठेवून आले.